गाडीत फक्त मुलं

२ डिसेंबर १९३८ च्या सकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हॅरिच बंदरात हॉलंडहून एक बोट येऊन लागली. तिच्यातून सुमारे २०० मुलं उतरली. प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, हातात स्वतःला उचलता येईल एवढी एक बॅग. बहुतेकांना इंग्रजीची दोन-चार वाक्यं काय ती येत होती. बरोबर थोडी मोठी माणसं होती, पण ती मुलांना पोचवून जर्मनीला परत जाणार होती. त्यांतलं एक जरी माणूस परतलं नाही, तर पुढच्या मुलांची वाट बंद होईल अशी नाझी अधिकाऱ्यांची ताकीद होती. आणि मुलांचे आई-वडील? त्यांच्यासाठी या योजनेत जागाच नव्हती.

पुढच्या नऊ महिन्यांत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधून अशी जवळजवळ १०,००० मुलं ब्रिटनमध्ये आली. त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश मुलं ज्यू होती. बाकीच्यांपैकी अनेकांची कुटुंबं धर्मानं ख्रिस्ती, पण नाझी कायद्याच्या लेखी ज्यू वंशाची होती. या स्थलांतराला ‘किंडरट्रान्सपोर्ट’ म्हणतात. किंडर म्हणजे मुलं.

विज्ञानाच्या मासिकात हा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. त्याची दोन उत्तरं आमच्याकडे आहेत. लहान मूल आईपासून तुटलं की त्याचं काय होतं, याविषयी आज आपल्याला जी माहिती आहे, तिचा बराच भाग त्या काळात, त्या देशात, अशा मुलांकडे नीट बघून मिळालेला आहे. आणि त्या पहिल्या बोटीतून उतरलेला तेरा वर्षांचा एक मुलगा पुढे जीवशास्त्रातल्या एका फार महत्त्वाच्या प्रयोगाचा भागीदार झाला. त्या दोन्ही गोष्टींकडे आपण येऊच. पण या हकिगतीत शिक्षक इतक्या ठिकाणी भेटतात की, शिक्षकांसाठी लिहिताना तेवढंही कारण पुरेसं झालं असतं.

आधी ती परवानगी कशी मिळाली ते पाहू. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनी-ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली आणि हजारो पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेलं गेलं. रस्त्यांवर काचांचा खच पडला म्हणून या रात्रीला ‘क्रिस्टालनाख्ट’ हे नाव पडलं. १५ नोव्हेंबरला ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं एक शिष्टमंडळ पंतप्रधान चेंबरलेन यांना भेटलं, आणि २१ तारखेला पार्लमेंटमध्ये चर्चा झाली. गृहमंत्री सॅम्युएल होर यांनी सांगितलं की, १७ वर्षांखालच्या मुलांना नेहमीच्या कागदपत्रांच्या भानगडीशिवाय आत घेऊ. किती, ते ठरवून दिलं नव्हतं. मात्र सरकारी तिजोरीवर भार पडता कामा नये, खर्च संस्थांनी आणि लोकांनी उचलावा, आणि संकट टळलं की मुलांनी परत किंवा दुसऱ्या देशात जावं, असं ठरलं. पुढे तर दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

मुलंच का, मोठी माणसं का नाहीत? ब्रिटनमध्ये बेकारी मोठी होती. मोठा माणूस आला तर तो काम मागणार, मूल काम मागत नाही. शिवाय लहान मुलाविरुद्ध मत द्यायला पार्लमेंटमध्ये कुणाची जीभ सहजी रेटत नाही. थोडक्यात, त्या वेळच्या राजकारणात जेवढं बसण्यासारखं होतं तेवढं बसवलं गेलं. याला दोष द्यावा की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. आम्हाला एवढंच नोंदवावंसं वाटतं की, आई-वडिलांना मागे ठेवणं हे या सुटकेतलं दुर्दैवी अपघाताचं कलम नव्हतं, ते तिच्या अटींतच होतं. आपण काय मागतो आहोत याची होर यांना जाणीव होती. आई-वडिलांपुढचा हा पेच किती भयंकर आहे, हे त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवलं. दुसरीकडे अमेरिकेत १९३९ साली २०,००० मुलांना घेण्याचं एक विधेयक मांडलं गेलं. ते मतदानापर्यंतही पोचलं नाही. ब्रिटनला नावं ठेवताना हेही शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे.

परवानगी मिळाल्यावर वेळ फार थोडा होता. व्हिएन्नातून मुलांना काढायला हॉलंडची एक बाई गेली, गेर्त्रौडा वाइसमुलर. ती ज्यू नव्हती. तिथला नाझी अधिकारी आडोल्फ आइकमन याच्यासमोर ती जाऊन उभी राहिली. त्यानं जणू थट्टेनंच सांगितलं की, येत्या शनिवारी ६०० मुलं घेऊन जाऊ शकलीस तर ने. इतक्या थोड्या दिवसांत ते जमणार नाही असा त्याचा हिशेब असावा. १० डिसेंबरला ६०० मुलं व्हिएन्नातून निघाली.

प्रागमधली गोष्ट पुष्कळांना माहीत असते, कारण निकोलस विंटन या लंडनमधल्या शेअरदलालाचं काम १९८८ साली ब्रिटिश दूरदर्शनवर आलं आणि ते एकदम प्रसिद्ध झाले. ६६९ मुलं त्या मार्गानं वाचली. पण विंटन स्वतः प्रागमध्ये जेमतेम तीन आठवडे होते, मग ते लंडनला येऊन घरं आणि परवाने मिळवण्याच्या मागे लागले. प्रागमधलं मूळ काम डोरीन वॉरिनर या अर्थशास्त्राच्या अध्यापिकेनं उभं केलं होतं. मुलांच्या गाड्या भरून पाठवण्याचं काम केलं ट्रेव्हर चॅडविक यांनी. चॅडविक हे एका खाजगी शाळेत लॅटिन शिकवत. शाळेत ठेवून घ्यायला दोन मुलं आणायची म्हणून ते प्रागला गेले होते. लंडनहून परवाने वेळेवर येईनात, तेव्हा या लॅटिनच्या मास्तरांनी बनावट परवाने छापून घेतले आणि मुलं पाठवली. खरे परवाने मागाहून पोचले. १ सप्टेंबर १९३९ ला प्रागमधून सुमारे २५० मुलांची आणखी एक गाडी सुटायची होती. त्याच दिवशी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि ती गाडी सुटली नाही.

मुलांना काय बरोबर नेता येत होतं? एक बॅग, दहा मार्क. मौल्यवान वस्तू नाही. अनेक स्टेशनांवर आई-वडिलांना फलाटावर यायलाही मनाई होती. निरोप प्रतीक्षालयात घ्यायचा, रडारड दिसता कामा नये. आर्नो पेन्झिआस या शास्त्रज्ञांनी नोबेल पुरस्काराच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात आपला प्रवास सांगितला आहे. १९३९ च्या वसंतात म्युनिकमध्ये गाडीत बसवताना आईबापांनी त्यांना धाकट्या भावाला सांभाळायला सांगितलं होतं. पेन्झिआस तेव्हा नुकतेच सहा वर्षांचे झाले होते.

आता हॅरिच बंदराकडे परत जाऊ. ज्यांना घेऊन जायला कुणी ठरलेलं नव्हतं, अशा मुलांना जवळच्या डव्हरकोर्ट इथल्या एका छावणीत ठेवलं गेलं. ही उन्हाळी सुट्टीतल्या सहलवाल्यांसाठी बांधलेली लाकडी खोपटी होती. त्यांत ऊब येण्याची काही सोय नव्हती, आणि तो हिवाळा कडाक्याचा निघाला. मुलं ओव्हरकोट घालून जेवत. शनिवार-रविवारी मुलं घरी न्यायला तयार असलेली कुटुंबं यायची. मुलं जेवणाच्या टेबलांशी बसलेली असत आणि पाहुणे टेबलांमधून फिरत बघत असत. लहान, गोऱ्या, गोबऱ्या मुली पटकन निवडल्या जात. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे मागे राहत, आणि दर आठवड्याला पुन्हा तिथेच बसत. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे आठवणी सांगताना गुरांच्या बाजाराची उपमा दिली. आलेली माणसं दुष्ट नव्हती, उलट ती आपल्या घरात परक्या मुलाला जागा द्यायला आलेली होती. पण टेबलाशी बसलेल्या मुलाच्या नजरेतून ते दृश्य कसं दिसत असेल, हे वर्गात मुलांपुढे उभं राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

छावणी चालवायला मदत म्हणून जिला बोलावलं गेलं होतं, तिला हे सहन झालं नाही. तिचं नाव आन्ना एसिंगर. आपण त्यांना एसिंगरबाई म्हणू, कारण त्या हाडाच्या शिक्षिका होत्या.

एसिंगरबाईंचा जन्म १८७९ साली जर्मनीतल्या उल्म गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी त्या अमेरिकेत गेल्या, तिथे क्वेकर पंथाच्या लोकांत वावरल्या, शिकल्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर क्वेकरांच्या वतीनं उपाशी जर्मन मुलांना शाळेत जेवण देण्याच्या कामासाठी त्या परत आल्या. १९२६ साली त्यांनी उल्मजवळ हेर्लिंगन इथे निवासी शाळा काढली. ती मुलामुलींची एकत्र शाळा होती, तिथे शिक्षा नव्हती आणि घरकामात सगळ्यांचा हात असे. एप्रिल १९३३ मध्ये हिटलरच्या वाढदिवशी प्रत्येक शाळेवर स्वस्तिकाचा झेंडा लावण्याचा हुकूम आला. एसिंगरबाईंनी झेंडा लावला आणि त्या दिवशी सगळ्या मुलांना सहलीला घेऊन गेल्या. रिकाम्या इमारतीवर झेंडा फडफडत राहिला. पण अशा युक्त्या किती दिवस पुरणार हे त्यांना कळत होतं. बर्लिनमधले शहाणे लोक ‘हे वादळ निघून जाईल’ म्हणत होते, तेव्हाच त्यांनी शाळा देशाबाहेर न्यायचं ठरवलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे ६५ मुलं वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या वाटांनी, गवगवा न करता निघाली आणि इंग्लंडच्या केंट परगण्यात ‘बन्स कोर्ट’ नावाच्या एका जुन्या वाड्यात शाळा पुन्हा सुरू झाली.

तिथे पैसा नेहमीच कमी असे. मुलं भाज्या पिकवत, कोंबड्या पाळत, भांडी घासत, भिंती रंगवत. शिक्षक बहुतेक स्वतःच निर्वासित होते आणि पगार नावापुरता होता. ब्रिटनमध्ये निर्वासितांना आपल्या पेशातलं काम मिळणं अवघड होतं, त्यामुळे शाळेला अफलातून माणसं स्वस्तात मिळाली, हे दुःखातलं सुख. पाणी तापवायचा बॉयलर आणि बाग सांभाळणारा माणूस जर्मनीत नाट्यदिग्दर्शक होता. साहजिकच शाळेत नाटकं उत्तम होत. मुलं बाईंना ‘टांटे आन्ना’, म्हणजे आन्नामावशी, किंवा नुसतं ‘टी.ए.’ म्हणत. त्या कडक होत्या, जाड भिंगांचा चष्मा लावत, आणि लाडीगोडी त्यांच्या स्वभावात नव्हती. दहा वर्षांच्या मुलाला त्या क्वचितच जवळ घेत असतील. पण उद्या सकाळी त्या तिथेच असणार आहेत, याची प्रत्येक मुलाला खात्री होती.

डिसेंबर १९३८ मध्ये त्या आपले काही शिक्षक आणि मोठी मुलं घेऊन डव्हरकोर्टला गेल्या. जेवणाची, धड्यांची, खेळांची घडी बसवली, इंग्रजीचे वर्ग सुरू केले. मुलांची निवड करण्याची पद्धत मात्र त्यांना बदलता आली नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती: जितकी झेपतील तितकी मुलं, विशेषतः जी कुणी निवडत नव्हतं अशी मुलं, स्वतःच्या शाळेत नेणं.

त्यांत होता लोथार बारुख, पहिल्या बोटीतला तेरा वर्षांचा मुलगा. त्याचं गाव बाल्टिक किनाऱ्याजवळचं कोसलीन. तिथल्या शाळेत ज्यू म्हणून त्याचा इतका छळ होऊ लागला, आणि त्यात शिक्षकही सामील, की आई-वडिलांनी त्याला बर्लिनमधल्या पांको भागातल्या ज्यू अनाथालयात ठेवलं. आईबाप जिवंत असलेलं मूल अनाथालयात, कारण गावची शाळा त्याला धोक्याची. त्या अनाथालयाच्या संचालकांनीच पहिल्या गाडीसाठी त्याचं नाव दिलं. ते स्वतः पुढे आउशवित्झमध्ये मारले गेले. बन्स कोर्टमधली वर्षं हा आपल्याला मिळालेला दुसरा जन्म होता, अशा भावनेनं लोथार पुढे आयुष्यभर त्या शाळेबद्दल बोलत राहिला.

आता थोडं विज्ञानाकडे वळू. १९३९ च्या सप्टेंबरात ब्रिटननं स्वतःचीच लाखो मुलं बाँबच्या भीतीनं शहरांतून खेड्यांत हलवली. त्या डिसेंबरात जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला की, पाच वर्षांखालच्या मुलांना आईपासून तोडणं ही गंभीर बाब आहे, तिचे परिणाम मागाहून दिसतील. तेव्हा हे मत सर्वमान्य नव्हतं. मुलाला अन्न, स्वच्छता आणि शिस्त मिळाली की झालं, असंच पुष्कळांना, डॉक्टरांनाही, वाटत असे.

त्याच सुमारास सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या आना फ्रॉइड, त्या स्वतः १९३८ साली व्हिएन्नातून आलेल्या निर्वासित, लंडनच्या हॅम्पस्टेड भागात डोरोथी बर्लिंगहॅम यांच्याबरोबर बालगृह चालवू लागल्या. तिथली मुलं लंडनचीच, युद्धामुळे घर तुटलेली. या बालगृहाची आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे नोंदी. कोणतं मूल कधी रडलं, काय खाल्लं, कुणाला चिकटलं, हे कामावरच्या तरुण मुली चिठ्ठ्यांवर लिहून ठेवत. त्या नोंदींतून दिसलं की, बाँबहल्ल्याच्या रात्री आई जवळ असलेली मुलं पुष्कळदा शांत राहत, पण सुरक्षित जागी एकटी ठेवलेली मुलं बोलणं विसरत, पुन्हा अंथरुणात लघवी करू लागत. मग मुलांचे चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक ठरलेली ‘आई’ दिली गेली. लगेच काय झालं? मारामाऱ्या, मत्सर, हट्ट, सगळं एकदम वाढलं! आधी सगळ्या सेविका सगळ्यांच्या होत्या तेव्हा मुलं आज्ञाधारक होती. पण थोड्याच काळात बोलणं सुधारलं, स्वच्छतेच्या सवयी परत आल्या. गप्प बसणारं मूल म्हणजे बरं असलेलं मूल नव्हे, हे त्यातून कळलं.

या बालगृहातही बॉयलर आणि किरकोळ दुरुस्त्या सांभाळणारा एक माणूस होता, जेम्स रॉबर्टसन. (या लेखातला हा दुसरा बॉयलरवाला, आमचा काही इलाज नाही.) बघायचं कसं आणि नोंदवायचं कसं हे तो तिथे शिकला. युद्धानंतर बोल्बींबरोबर काम करताना १९५२ साली त्यानं दोन वर्षांच्या एका मुलीच्या इस्पितळातल्या मुक्कामाचा चित्रपट काढला. तेव्हा ब्रिटनमधल्या इस्पितळांत आई-वडिलांना मुलाला भेटू देण्याच्या वेळा फार कमी असत. या चित्रपटावर डॉक्टर-परिचारिका चिडल्या, पण वाद सुरू झाला. १९५९ साली सरकारी समितीनं मुलांना भेटण्यावरची बंधनं काढून टाकावीत अशी शिफारस केली. आजारी मुलाच्या खाटेशी आई बसू शकते, ही आपल्याला साधी वाटणारी गोष्ट अशा वाटेनं मान्य झाली.

एक नोंद मात्र ज्यू निर्वासित मुलांचीच आहे. टेरेझिनच्या छळछावणीतून सुटका झालेली काही मुलं १९४५ साली इंग्लंडमध्ये आणली गेली. त्यांत तीन ते चार वर्षांच्या दरम्यानची सहा मुलं होती. त्यांच्या आया ती तान्ही असतानाच गेल्या होत्या. ती एकमेकांशिवाय कुणालाच ओळखत नव्हती. आना फ्रॉइड यांच्या देखरेखीखाली ससेक्समधल्या एका घरात सोफी आणि गर्ट्रूड डान या बहिणींनी, याही जर्मनीतून आलेल्या निर्वासित, त्यांना वर्षभर सांभाळलं. मुलं मोठ्यांना चावत, थुंकत, खेळणी मोडत. पण सहांपैकी एकाला वेगळं केलेलं त्यांना चालत नसे. एकाला खाऊ दिला की तो आधी शेजाऱ्याला मिळाला का ते पाही. आपसांत मत्सर जवळजवळ नव्हता. १९५१ साली या निरीक्षणांचा लेख प्रसिद्ध झाला. आईशिवाय वाढलेलं मूल कुणावर जीव लावूच शकत नाही, ही समजूत त्यामुळे डळमळली. सहाच मुलं आणि एकच वर्ष, म्हणून त्यातून फार मोठा नियम काढता येत नाही, पण एखादी समजूत डळमळायला कधीकधी तेवढं पुरतं.

घरोघर गेलेल्या १०,००० मुलांचं काय झालं? याचं एक उत्तर नाही. कुणाला खरोखरीचे आईबाप मिळाले, कुणाला फुकटची मोलकरीण म्हणून राबवलं गेलं, कुणाची चार-पाच घरं बदलली. ज्यू घरं पुरेशी नव्हती, म्हणून पुष्कळ मुलं ख्रिस्ती घरांत वाढली. युद्ध सुरू झाल्यावर पत्रं बंद झाली. रेडक्रॉसमार्फत २५ शब्दांचा निरोप पाठवता येई, तोही काही महिन्यांनी पोचे. १९४० साली सोळा वर्षांवरच्या सुमारे १,००० मुलांना ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून ब्रिटननं नजरकैदेत टाकलं. नाझींपासून पळालेली ही मुलं! त्या वर्षीच्या मे महिन्यात हॉलंड पडताना, त्याच वाइसमुलरबाईंनी शेवटची ७४ मुलं एका बोटीवर चढवली. १९४४ साली तर या पोरक्या मुलांसाठी पार्लमेंटला कायदाच करावा लागला आणि लॉर्ड गोरेल हे त्यांचे कायदेशीर पालक झाले.

ज्यांचे आई-वडील वाचले अशी मुलं थोडी. त्यांच्या भेटीही नेहमी सुखाच्या झाल्या नाहीत. पाच वर्षांची असताना गेलेली मुलगी बारा वर्षांची झाली होती. ती जर्मन विसरली होती आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. मातृभाषा किती लवकर पुसली जाते, याचं याहून कठोर उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या विषयावर लिहिताना शास्त्रज्ञांची यादी देण्याचा मोह होतो. पेन्झिआस यांना विश्वातल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी-प्रारणाच्या शोधासाठी १९७८ चं नोबेल मिळालं. व्हिएन्नाचे वॉल्टर कोन १९३९ च्या ऑगस्टात इंग्लंडला आले, नजरकैदेत पडले, बोटीनं कॅनडाला पाठवले गेले. छावणीतल्या प्राध्यापकांकडे गणित शिकले. सुटल्यावर टोरांटो विद्यापीठात त्यांना रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल टाकू दिलं नाही, कारण तिथे युद्धाचं संशोधन चालू होतं आणि हे कागदोपत्री शत्रू. १९९८ साली त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं! गोष्ट मजेची आहे. तरी आम्ही वाचकांना सावध करू. ज्यांची नावं आपल्याला आठवतात ती वाचलेल्यांपैकी निवडक. वाचलेले १०,०००, आणि मारली गेलेली ज्यू मुलं सुमारे १५ लाख. अशा नमुन्यावरून ‘संकटानं माणूस घडतो’ असा निष्कर्ष काढणं हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच नापास होणं आहे. शिवाय एखादं मूल पुढे नोबेल मिळवणार म्हणून त्याला वाचवायचं असतं का?

लोथार बारुखचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९४३ साली तो ब्रिटिश सैन्यात भरती झाला. शत्रूच्या हाती सापडला तर जर्मन ज्यू नाव घातक ठरेल, म्हणून नाव बदलायचा सल्ला मिळाला. तो लेस्ली ब्रेंट झाला. युद्धानंतर बर्मिंगहॅमला प्राणिशास्त्र शिकताना त्याला पीटर मेडावर हे प्राध्यापक भेटले, आणि त्यांच्याबरोबर तो लंडनला संशोधनासाठी गेला. एका उंदराची त्वचा दुसऱ्या वंशाच्या उंदरावर लावली तर दहा-बारा दिवसांत शरीर ती टाकून देतं. मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी एका वंशाच्या, अजून जन्मालाही न आलेल्या पिलांना दुसऱ्या, पांढऱ्या वंशाच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. जन्माला आलेली पाच पिलं आठ आठवड्यांची झाल्यावर त्यांच्यावर पांढऱ्या उंदराची त्वचा लावली. दोघांनी ती टाकली. तिघांच्या अंगावर ती रुजली आणि भुऱ्या उंदरावर पांढरं ठिगळ दिसू लागलं. शरीर ‘आपलं’ आणि ‘परकं’ हा भेद जन्मतःच पक्का घेऊन येत नाही, त्याला तो शिकावा लागतो, हे १९५३ साली प्रयोगानं सिद्ध झालं. अवयवरोपणाच्या संशोधनाला त्यानं बळ आलं. १९६० साली मेडावर यांना बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी आपल्या रकमेतला वाटा बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना दिला. निर्वासित मुलानं परक्याला आपलं मानण्याचा शोध लावला, असं एखाद्या वक्त्याला म्हणावंसं वाटेल. आम्ही म्हणणार नाही. उंदरांच्या पेशींना आपल्या रूपकांशी काही देणंघेणं नाही.

ब्रेंट पुढे लंडनच्या सेंट मेरीज् इस्पितळाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि २०१९ साली वारले. एसिंगरबाईंची शाळा १९४८ साली बंद झाली. त्याआधी छळछावण्यांतून जिवंत राहिलेली काही मुलं तिनं पदरात घेतली होती. तोवर बाईंची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या १९६० मध्ये वारल्या.

ब्रेंट यांचे आई, वडील आणि बहीण बर्लिनमध्येच राहिले होते. १९४२ पर्यंत त्यांचे रेडक्रॉसचे निरोप येत होते, मग थांबले. ते आउशवित्झला नेले गेले असावेत असं ब्रेंट पुष्कळ वर्षं धरून चालले होते. नंतर कागदपत्रांतून कळलं की, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना बर्लिनहून गाडीनं लाटव्हियातल्या रिगाला नेलं होतं, आणि पोचल्यावर जंगलात गोळ्या घातल्या होत्या. त्या गाड्यांतल्या प्रवाशांच्या याद्या जर्मन अधिकाऱ्यांनी नाव, जन्मतारीख आणि पत्त्यासह टंकून ठेवलेल्या होत्या.